बिघाड कक्ष : देखभाल तंत्रज्ञ प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी, शिरोली (जून ते डिसेंबर २०२४)

१२ जून २०२४

शेडची चावी मिळाली. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या काही फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉपवाल्यांनी मिळून ही जागा दिली आहे. काम ठरलं ते असं: आयटीआय होऊन त्यांच्याकडे लागलेल्या शिकाऊ उमेदवारांना मेंटेनन्स शिकवायचं. आठवड्यातले दोन दिवस शेडमध्ये, बाकीचे दिवस आपापल्या कारखान्यात. मुदत डिसेंबरअखेर.

आयटीआयच्या फिटर आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये पोरं दोन-दोन वर्षं घालवतात. कानस चालवणं, मार्किंग, ड्रिलिंग, वायरिंग हे हाताला बसलेलं असतं आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण तिथली मशीन चालू स्थितीतली असते. कारखान्यात पोरगा पहिल्यांदा बंद पडलेल्या मशीनसमोर उभा राहतो, मागे सुपरवायझर घड्याळ बघत असतो, आणि मग हाती येईल तो पार्ट बदलला जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी पिढी मिस्त्रीच्या हाताखाली शिकली. मिस्त्री आधी कान लावून ऐकायचा, हात ठेवून तापमान बघायचा, मग पाना मागायचा. आता कारखाने मोठे झाले, शिफ्ट आल्या, आणि मिस्त्रीशेजारी वर्षानुवर्षं उभं राहायला कुणाला वेळ उरला नाही. तो वेळ या शेडमध्ये परत मिळवून द्यायचा, एवढाच या प्रकल्पाचा हेतू मी लिहून ठेवतो.

कारखानदारांना सांगितलं, नवं काही विकत घेऊ नका. तुमचं भंगार द्या.

२१ जून

दोन टेम्पो माल आला. ५ एचपीच्या चार मोटरी, दोन सेंट्रिफ्युगल पंप, एक गिअरबॉक्स, बकेट एलिव्हेटरचा (बादल्यांच्या पट्ट्यानं माल वर नेणाऱ्या यंत्राचा) वरचा शाफ्ट प्लमर ब्लॉकसकट (बेअरिंगच्या बैठकीसकट), तीन जुनी स्टार-डेल्टा पॅनेल (मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणारी), एक छोटा पिस्टन कॉम्प्रेसर. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एका फाउंड्रीच्या स्टोअरकीपरनं स्वतःहून पाठवलेली गोणी, त्यात निकामी झालेली बेअरिंग. किलोच्या भावात जाणारा माल तो कशाला ठेवत होता, असं विचारलं. म्हणाला, "सर, ही सारखी सारखी येत होती, म्हणून वाटलं कुणीतरी बघावं."

प्रत्येक बेअरिंगला तारेनं चिठ्ठी बांधायला घेतली: कुठल्या मशीनवरून निघालं, साधारण किती चाललं. निम्म्यांची माहिती मिळाली. बाकीची वेगळ्या पेटीत.

३ जुलै

पोरं आली. बहुतेक फिटर, काही इलेक्ट्रिशियन, दोघं मशीन टूल मेंटेनन्स ट्रेडची. तीन मुली आहेत.

पहिल्या दिवशी कुणाच्याही हातात पाना दिला नाही. पंप आणि मोटर बेसवर चालू ठेवली आणि अर्ध्या तासात जे दिसेल, ऐकू येईल, वास येईल ते मराठीत लिहायला सांगितलं. हात लावायचा नाही, गार्ड काढायचं नाही.

बहुतेकांचं पान पाच मिनिटांत भरलं: "पंप चालू आहे. ग्लँडमधून लीकेज आहे. आवाज येतो." उरलेली पंचवीस मिनिटं काय करायचं हे त्यांना कळेना. तेच मला हवं होतं. दहा-बारा मिनिटांनी एक मुलगी उकिडवी बसली आणि कपलिंगच्या (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याच्या) गार्डखाली बघायला लागली. तिनं लिहिलं, "गार्डच्या खाली बेसवर काळी पावडर पडली आहे, रबरासारखी. मोटरच्या एका बोल्टाजवळ तांबूस डाग आहे, बाकीच्या तीन बोल्टांजवळ नाही."

काळी पावडर म्हणजे कपलिंगमधला रबरी स्पायडर झिजतोय. तांबूस डाग म्हणजे तो पाय बेसवर घट्ट बसलेला नाही. बारीक हालचालीनं लोखंड घासून गंजाची पूड बाहेर येते. दोन्ही एकाच रोगाची लक्षणं आहेत. पण आज सांगितलं नाही. तिचं पान भिंतीवर लावून ठेवलं.

ग्लँडबद्दल मात्र लगेच सांगावं लागलं. पॅकिंगच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथल्या दोरीसारख्या भरावातून, थेंब-थेंब पाणी यायलाच हवं, त्या पाण्यावरच पॅकिंग आणि शाफ्टची स्लीव्ह थंड राहते. "लीकेज बंद केलं" म्हणून नट आवळून ग्लँड कोरडी केली, की पॅकिंग जळतं आणि स्लीव्हला खाचा पडतात. कारखान्यात स्वच्छतेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी हमखास हे होतं.

१० जुलै

लॉकआउट, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून स्विचला कुलूप लावणं. प्रत्येकाला स्वतःचं कुलूप आणि एकच चावी. सहा जण एका मशीनवर काम करत असतील तर सहा कुलपं. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मग टेस्टरनं तिन्ही फेज तपासायच्या, आणि त्याआधी टेस्टर चालू सप्लायवर लावून तो चालतो याची खात्री करायची. हवेच्या लाइनचा दाब सोडायचा, उचललेला भाग खाली टेकवायचा. स्विच बंद केला म्हणून बकेट एलिव्हेटर मेला असं होत नाही. भरलेल्या बकेटांचं वजन एका बाजूला असतं आणि बॅकस्टॉप (उलटं फिरणं अडवणारा भाग) सुटला तर पट्टा उलटा फिरतो.

एकानं विचारलं, "सर, आमच्याकडं फ्यूज काढून खिशात ठेवतात, चालतं का?" त्याला सांगितलं, दुसऱ्याच्या खिशात दुसरा फ्यूज असतो.

२६ जुलै

शेड बंद. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आहे, काही पोरांच्या गावाचे रस्ते पाण्याखाली आहेत. सगळे सुखरूप असल्याचे फोन आले.

६ ऑगस्ट

पाणी ओसरलं आणि काम आपणहून दारात आलं. शिरोळ तालुक्यातल्या एका पोराच्या घरची उपसा योजनेची १० एचपी मोटर पाण्यात राहिली होती. तो ती टेम्पोत घालून घेऊन आला. मागोमाग आणखी तीन आल्या. अभ्यासक्रमात हे नव्हतं. बाकीचं सगळं बाजूला ठेवलं.

पहिला नियम: बुडालेली मोटर चालू करून बघायची नाही. चालते का बघू म्हणून सप्लाय दिला की भिजलेलं वाइंडिंग तिथंच जळतं, आणि जी मोटर धुवून-सुकवून वाचली असती ती रिवाइंडिंगला जाते.

रोटर (फिरणारे भाग) काढले. स्टेटर (वाइंडिंग असलेले स्थिर भाग) स्वच्छ पाण्यानं धुतले, हेही पोरांना विचित्र वाटलं. पण पुराच्या पाण्यातला गाळ वाइंडिंगमध्ये राहिला तर तो ओल धरून ठेवतो. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावला. काटा शून्याला चिकटलेला. एका रिवाइंडिंगवाल्या मित्राची भट्टी दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि स्टेटर ८० अंशांच्या आसपास ठेवले. दर दोन तासांनी रीडिंग घेऊन आलेख काढायचा, हे काम पोरांनी वाटून घेतलं, रात्रीसुद्धा.

पहिल्या काही तासांत रीडिंग वाढायच्या ऐवजी आणखी पडलं. रात्री अकराला फोन आला, "सर, बिघडत चाललंय, बंद करू का?" बंद करायचं नाही. इन्सुलेशन तापलं की त्याचा रोध कमी होतो, दर १० अंशांना ढोबळमानानं निम्मा. आधी ही घसरण दिसते, मग ओल निघायला लागली की आलेख वर चढतो. पहाटे तो चढायला लागला. पोरांनी पेन्सिलनं काढलेली ती खाली जाऊन वर येणारी रेघ मी जपून ठेवली आहे. पुस्तकातलं हे वाक्य त्यांनी उभा जन्म विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाहीत.

बेअरिंग सगळी नवी टाकली, तिथं काटकसर केली नाही. चारपैकी तीन मोटरी वाचल्या. चौथी पुराआधीच तीनपैकी एक फेज तुटलेली असताना चालून जळालेली होती. वाइंडिंग उघडून दाखवलं: डेल्टा जोडणीत एकाच फेजच्या कॉइल काळ्या पडलेल्या, बाकी दोन फेजच्या जवळजवळ नव्यासारख्या. स्टार जोडणी असती तर उलट झालं असतं, दोन फेज काळ्या आणि एक चांगली. जळालेली मोटरसुद्धा काय झालं ते सांगते, फक्त ती भंगारात टाकायच्या आधी उघडावी लागते.

१४ ऑगस्ट

बेअरिंगचं टेबल. या प्रकल्पात मला ज्या दिवसाची सगळ्यात जास्त ओढ होती तो आज झाला.

गोणीतली बेअरिंग ग्राइंडरनं कापून, रॉकेलमध्ये धुवून, पांढऱ्या कापडावर मांडली. आतली रिंग, बाहेरची रिंग, बॉल, केज (बॉल जागेवर धरणारी जाळी) वेगळे. आधी नंबर वाचायला शिकवलं: ६२०६ मधल्या शेवटच्या ०६ ला ५ ने गुणलं की शाफ्टचा व्यास ३० मिमी. ६३०८ म्हणजे ४० मिमी. हे आयटीआयमध्ये झालेलं असतं. मग विचारलं, बॉल ज्या पट्ट्यावर फिरले तो पट्टा कुठं आहे?

भिंग दिलं. चांगल्या बसवलेल्या मोटरच्या बेअरिंगमध्ये आतल्या रिंगवर बरोबर मधोमध, पूर्ण गोल पट्टा दिसतो. बाहेरच्या स्थिर रिंगवर तो साधारण अर्ध्या भागात, जिथं भार येतो तिथं दिसतो. एका रिंगवर हा पट्टा तिरका होता, एका बाजूला काठाच्या जवळ, समोरच्या बाजूला दुसऱ्या काठाच्या जवळ. म्हणजे बेअरिंग वाकडं बसलं किंवा शाफ्ट आणि हाउसिंग एका रेषेत नाहीत. दुसऱ्या एका रिंगवर बॉलच्या अंतराएवढ्या अंतरावर बारीक खळगे होते. हातोड्यानं ठोकून बसवल्याची ही सही आहे. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रिंगवर मारलं, की तो मार बॉलमधून आतल्या रिंगपर्यंत जातो. तिसऱ्यावर पट्टा दुधी, धुरकट झालेला. फाउंड्रीच्या सँड प्लांटवरचं, सील फाटल्यावर आत गेलेल्या वाळूनं घासलेलं. चौथ्यावर धुण्याच्या फळीसारख्या समांतर रेघा. ती मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालणारी होती, शाफ्टमधून विजेचा प्रवाह बेअरिंगवाटे जमिनीत जात होता.

सगळ्यांच्या चिठ्ठीवर कारखान्याच्या रजिस्टरमधलं कारण एकच होतं: "बेअरिंग फेल". आणि उपाय एकच: "बेअरिंग बदलले". चार वेगळे रोग, चार वेगळे उपाय. वाळूवाल्याला सील आणि आडोसा हवा, ठोकलेल्याला इंडक्शन हीटर (बसवण्याआधी बेअरिंग तापवून फुगवायचा) हवा, तिरक्याला अलाइनमेंट हवी, रेघावाल्याला इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंग ब्रश हवा. नवं बेअरिंग यातल्या कुठल्याही रोगावर औषध ठरत नाही.

दुपारी बसवण्याचा सराव. हीटरवर ११० अंशांपर्यंत, १२० च्या वर नाही. ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत. "जास्त घातलं तर चांगलंच ना?" हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. एका बेअरिंगमध्ये काठोकाठ भरून मोटर चालवली आणि अर्ध्या तासानं हात ठेवायला सांगितला. ग्रीस घुसळून तापतं, पातळ होतं, सीलमधून वाइंडिंगवर जातं.

२८ ऑगस्ट

भिंतीवरचं पान खाली काढलं. काळी पावडर, तांबूस डाग.

लॉकआउट करून गार्ड काढलं. मोटरच्या पायाजवळ डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावली आणि एकेक बोल्ट सैल करून बघितला. तीन पायांना काटा जेमतेम हलला. तांबूस डागाच्या पायाला ०.३५ मिमी उसळला. ०.०५ च्या वर गेला की तो पाय दुरुस्त करायचा, असं आम्ही धरतो. खाली काय निघालं? तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, दुमडून घातलेला. तो दाबला की स्प्रिंगसारखा बसतो आणि सोडला की उठतो. अशा पायावर कितीही अलाइनमेंट करा, बोल्ट आवळताना मोटरची चौकट पिळली जाते आणि सगळं पुन्हा बिघडतं.

मोजमापाच्या स्टेनलेस शिम (पातळ पट्ट्या) घातल्या, तीनपेक्षा जास्त नाही. मग कपलिंगवर डायल. परिघावर डायल जेवढं दाखवते त्याच्या निम्मं खरं अंतर, हे लक्षात राहायला प्रत्येकाला स्वतः एक फेरी फिरवावी लागली. दिवस मावळेपर्यंत १,५०० आरपीएमच्या पंपासाठी चालेल इतकं जुळलं. ज्या मुलीनं पान लिहिलं होतं तिनं शेवटचा बोल्ट आवळला, पंप चालू केला आणि आधी खाली वाकून आवाज ऐकला.

११ सप्टेंबर

गणपतीमुळं हजेरी कमी. आलेल्यांना व्ही-बेल्ट दिले. ताण किती, जुन्यात एकच नवा का घालायचा नाही, पुलीची खाच घासून तळ चकचकीत दिसायला लागली की बेल्ट नव्हे, पुली बदलायची.

२५ सप्टेंबर

पॅनेल. जुन्या स्टार-डेल्टा पॅनेलमध्ये बिघाड घालून ठेवले होते: कॉन्टॅक्टरची (विजेनं ओढल्या जाणाऱ्या स्विचची) कॉइल तुटलेली, टायमरचा संपर्क चिकटलेला, एक कंट्रोल वायर लग्जमध्येच (टोकाच्या धातूच्या टोपीत) तुटलेली पण बाहेरून धड दिसणारी. फिटर पोरांनाही बसवलं. कारखान्यात "हे माझ्या ट्रेडचं नाही" म्हणून रात्रपाळीत मशीन सकाळपर्यंत उभी राहते, ते मला मान्य नाही. फिटरनं पॅनेल दुरुस्त करावं असं नाही, पण ड्रॉइंग वाचून "इथपर्यंत सप्लाय आहे, इथून पुढं नाही" एवढं त्याला सांगता यायला हवं.

घातलेल्या बिघाडांखेरीज एक खरा बिघाड एका इलेक्ट्रिशियन पोरानं शोधला. पॅनेल १० एचपीच्या मोटरचं, पूर्ण भाराचा प्रवाह १४ अँपिअरच्या आसपास. ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की पडून मोटर बंद करणारा) १४ वर लावलेला. पण तो रिले वाइंडिंगच्या मार्गात बसवलेला होता, मुख्य लाइनमध्ये नाही. डेल्टामध्ये त्या जागी लाइनच्या ५८ टक्केच प्रवाह वाहतो, म्हणजे रिले ८ अँपिअरच्या आसपास लावायला हवा होता. १४ वर लावलेला रिले मोटर जळेपर्यंत पडणारच नाही. हे पॅनेल कुठून आलं ते बघितलं, तिथल्या मोटरी वरचेवर जळत असल्याचं त्यांच्याच मेंटेनन्सवाल्यानं जूनमध्ये सांगितलं होतं. पोराला त्याच कारखान्यात पाठवून चालू पॅनेल तपासून घेतली. आणखी दोन तशीच निघाली, दोन्ही रिले बरोबर लावून आला.

९ ऑक्टोबर

कारखान्यांना भेटी. इथं मन खट्टू झालं आणि ते लिहून ठेवणं गरजेचं आहे.

दोन कारखान्यांत आमची पोरं मेंटेनन्समध्ये नव्हतीच. एक फेटलिंगला (ओतीव भागांच्या कडा घासायला), एक डिस्पॅचला माल मोजायला. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनातले दरमहा १,५०० रुपयांपर्यंत सरकारही भरतं. यंदा राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आली, आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये. हा सगळा पैसा माणूस शिकावा म्हणून दिलेला आहे. स्वस्तात हात मिळावा म्हणून शिकाऊ घेणारा मालक पुढच्या वर्षी "चांगला मेंटेनन्सवाला मिळत नाही" असं म्हणतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो त्याच्याच डिस्पॅचमध्ये माल मोजत होता.

तिसऱ्या ठिकाणी वेगळा मुद्दा निघाला. एचआरच्या साहेबांनी मुलीला मेंटेनन्समध्ये घेतलं नव्हतं आणि कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २२ पुढं केलं. आजच्या (२०२४ च्या) घडीला कलम आहे, खरं आहे. चालत्या यंत्राचे भाग साफ करणं, त्यांना तेल देणं, जुळवणं हे काम बाईला देता येत नाही असं त्यात म्हटलंय. मी म्हणालो, साहेब, "चालत्या" हा शब्द वाचा. आम्ही चालत्या यंत्रात कुणालाच हात घालू देत नाही, पुरुषालाही. तिच्याकडं स्वतःचं कुलूप आहे, ती आधी मशीन बंद करून कुलूप लावेल. तुमच्याकडं चालू मशीनला ग्रीस मारत असतील तर आधी ते थांबवा. त्यांनी प्लांट हेडला बोलावलं. पुढच्या सोमवारपासून ती कॉम्प्रेसर रूमला जाणार आहे.

फेटलिंग आणि डिस्पॅचचा निकाल अजून लागलेला नाही. पत्र दिलं आहे.

१२ ऑक्टोबर

दसरा. पोरांनी हत्यारं धुवून, पुसून मांडली, हळदकुंकू लावलं. टॉर्क रेंच सैल करून ठेवायचा असतो हे कुणीतरी आपणहून केलेलं दिसलं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, सुट्टी. काल केलेलं आज लिहितो.

हवेची गळती. ज्या कारखान्यात ती मुलगी कॉम्प्रेसर रूमला लागली, तिथंच हा अभ्यास घेतला, कारण शेडमध्ये तेवढी लाइन नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मशीन बंद, पण कॉम्प्रेसर लोड घेतच होता, म्हणजे हवा दाबतच होता. तिनं घड्याळ लावून लोड आणि अनलोडचे सेकंद टिपून ठेवले होते. कुणी हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर जितका वेळ लोडवर, ती सगळी गळती. ३ मिमीच्या एका भोकातून ७ बारला २० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) घरात हवा जाते आणि तेवढी हवा बनवायला तीन ते चार किलोवॅट लागतात, दिवसरात्र. साबणाचं पाणी घेऊन पोरं लाइनभर फिरली. निम्म्याहून जास्त गळती एफआरएलच्या (हवा गाळून दाब ठरवणाऱ्या आणि तेल देणाऱ्या युनिटच्या) ड्रेनपाशी आणि क्विक कपलरमध्ये. बहुतेक ठिकाणी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) गेलेली, ती बदलली. दोन तासांनी, मशीन बंद असताना पुन्हा सेकंद मोजले, लोडचा वेळ निम्म्यावर आला होता. प्लांट हेड स्वतः येऊन उभे राहिले आणि कुठल्याही शिक्क्यापेक्षा मला ते जास्त वाटलं.

त्याच दुपारी डिस्पॅचमधल्या पोराचा फोन आला. त्याला मेंटेनन्सला घेतलं. फेटलिंगवाला अजून तिथंच आहे.

१८ डिसेंबर

परीक्षा. प्रत्येकाला एक बिघडलेलं यंत्र आणि तीन तास. गुण असे ठेवले: निरीक्षण आणि नोंद चाळीस, लॉकआउट वीस, कारण शोधणं वीस, दुरुस्ती वीस. लॉकआउट चुकलं तर पुढचं बघायचं नाही, परीक्षा तिथंच थांबवायची. कारखान्यांतून आलेल्या परीक्षकांपैकी एकानं विचारलं, दुरुस्तीला एवढेच? त्यांना जूनमधल्या चिठ्ठ्या दाखवल्या, "बेअरिंग फेल, बेअरिंग बदलले". दुरुस्ती या सगळ्यांना आधीपासून येत होती.

एकाची परीक्षा थांबवावी लागली. कुलूप लावलं, पण स्टार्टचं बटण दाबून बघितलं नाही. हात अतिशय चांगला आहे त्याचा. जानेवारीत पुन्हा बसेल.

बाकीचे पास. एका नोंदीतला भाग उतरवून ठेवतो, गिअरबॉक्सवर काम करणाऱ्या पोराची (ब्रीदर म्हणजे गिअरबॉक्समधली हवा जा-ये करायचं तोंड): "तेल दुधाळ आहे. ब्रीदरची टोपी नाही. शॉट ब्लास्टजवळची मशीन धुताना पाणी आत जात असणार. तेल बदलून उपयोग नाही, आधी ब्रीदर बसवायला हवा आणि धुणाऱ्याला सांगायला हवं." शेवटच्या तीन शब्दांना मी वेगळे गुण दिले. मेंटेनन्सवाल्याचं निम्मं काम मशीन चालवणाऱ्याशी बोलण्याचं असतं.

२३ डिसेंबर

कारखानदारांची बैठक. मंजूर झालं: शेड पुढं चालू. जूनपासूनची नवी तुकडी. या तुकडीला मार्चपर्यंत आठवड्यातून एक दिवस सोडायचं. प्रत्येक कारखान्याच्या ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये "काय दिसलं" असा रकाना वाढवायचा, मराठीत लिहिला तरी चालेल. फेटलिंगमधल्या पोराबद्दल त्याचे मालक बैठकीतच "एक तारखेपासून मेंटेनन्सला" म्हणाले. एक तारखेला फोन करून खात्री करायची.

मागणी लिहून दिली: ड्राइव्हचा एक बेंच, एक कंपन मोजायचा पेन, इंडक्शन हीटरची मोठी पट्टी, शिमचे दोन संच. निकामी बेअरिंगची गोणी मात्र भरत आली आहे, आता चिठ्ठ्या स्टोअरमधूनच बांधून येतात.